मौनाची भाषांतरे: वेबवरील मजकूर, गृहीत नियम आणि मराठी

१

गेल्या वर्षी आईच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने मी एक लेख लिहिला. एका लहान वाङ्मयीन नियतकालिकाचे जुने अंक वेबवर आणण्याच्या कामात मी काही वर्षे मदत करते आहे; लेख तिथेच लागला. पानही मीच तयार केले. लेखात तिला 'आई' न म्हणता मी सगळीकडे तिच्या नावानेच लिहिले होते, कारण लिहायचे होते ते ती कोणाची आई होण्याआधीच्या आयुष्याबद्दल. तिचे नाव म्हणजे सावलीला असलेला साधा संस्कृत शब्द. त्या पिढीत अशी नावे घरोघरी होती.

माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत वाढली. मराठी तिला बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही. तिने ब्राउझरमधली भाषांतराची सोय वापरून लेख इंग्रजीत वाचला आणि रविवारी फोन केला. "मावशीआजी, तू पणजीवर लिहिलंयस ना? मग ती आहे कुठे? इथे एक सावली शाळेत जाते, सावली भाकऱ्या थापते, मग सावलीचं लग्न होतं."

आम्ही दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकले नाही. घरातल्या चौथ्या पिढीला पणजीची ओळख व्हावी म्हणून लिहिलेल्या लेखातून पणजीच नाहीशी झाली होती. दोष यंत्रावर टाकून मोकळे होणे सोपे होते. पण पान माझे होते आणि त्या नावाबद्दल मी यंत्राला काहीच सांगितले नव्हते. आपण काही सांगितले नाही तर त्याचा काय अर्थ घ्यायचा, हेसुद्धा कुठेतरी नियम म्हणून लिहून ठेवलेले असते, याची मला कल्पना नव्हती. नंतरच्या काही महिन्यांत ते नियम मी वाचले. तांत्रिक कागद म्हणून त्यांची परीक्षा करण्याचा अधिकार मला नाही. पण मजकुराविषयी, नावांविषयी आणि भाषांतराविषयी काही ठाम समजुती असलेली संहिता म्हणून ते नक्की वाचता येतात. प्रस्तुत लेखात तसे वाचन करून पाहिले आहे.

२

वेबवरचे पान म्हणजे नुसता मजकूर नसतो. मजकुराच्या तुकड्यांभोवती खुणा असतात. हा परिच्छेद, हे शीर्षक, हे चित्र, असे त्या यंत्राला सांगतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. प्रत्येक खुणेला काही गुणधर्म जोडता येतात: चित्राच्या खुणेत चित्राचे शब्दांतले वर्णन ठेवता येते, शब्दाच्या खुणेत टिपेसारखी माहिती ठेवता येते. वाचकाला खुणा दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो.

या मजकुरातले भाषांतर कशाचे करायचे आणि कशाचे नाही, हे सांगण्याची सोय दोन ठिकाणी आहे. पहिली 'इंटरनॅशनलायझेशन टॅग सेट' या नियमसंचात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्याची पहिली आवृत्ती ३ एप्रिल २००७ रोजी आणि दुसरी २९ ऑक्टोबर २०१३ रोजी मान्य केली. दुसरी सोय खुद्द एचटीएमएलमध्ये आहे. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये 'ट्रान्सलेट' नावाचा गुणधर्म आला. त्याची उत्तरे दोन: हो किंवा नाही. कोणत्याही खुणेला तो लावता येतो. लावला नाही तर ती खूण आपल्या बाहेरच्या खुणेचे उत्तर उचलते, ती तिच्या बाहेरच्या खुणेचे, आणि असे करत सगळ्यात बाहेर पोहोचल्यावरही कोणी काही म्हटलेले नसेल, तर उत्तर 'हो' समजायचे.

'कोणी काही म्हटले नसेल तर असे समजा' या प्रकारच्या कलमाला संगणकाच्या जगात 'डिफॉल्ट' म्हणतात. मी त्याला गृहीत नियम म्हणते. मौन म्हणजे संमती, ही आपल्याकडची जुनी समजूत इथे कलमबद्ध झाली आहे. त्यात वावगे काही नाही. याउलट नियम असता, तर जगातले बहुतेक मजकूर कोणीतरी परवानगी देईपर्यंत आपापल्या भाषेत कोंडून राहिले असते. माझी तक्रार गृहीत नियम असण्याबद्दल नाहीच. मौनाचे जे अर्थ हे नियम लावतात त्यांत काही जागा संदिग्ध राहिल्या आहेत, आणि मराठी मजकूर नेमका त्या जागांवर पाय देतो, हे मला दाखवायचे आहे.

३

कोणत्याही नियमाचा खरा स्वभाव त्याच्या उदाहरणात कळतो. एचटीएमएलच्या प्रमाण दस्तऐवजात 'ट्रान्सलेट'साठी दिलेले उदाहरण एका काल्पनिक संगणकीय खेळाचे आहे. खेळाचे नाव मधमाशीवरून ठेवलेले आहे आणि खेळ इंग्रजीत आहे. पान सांगते की खेळ सुरू झाला की 'मध खा' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द टंकायचे. त्यावर खेळ मधाची तारीफ करणारे उत्तर देतो. वाचकाने टंकायचे शब्द आणि खेळाचे उत्तर, या दोहोंना 'भाषांतर नको' अशी खूण आहे. बाकी सर्व भाषांतरित व्हावे, असे दस्तऐवज म्हणतो.

दोन्ही खुणांमागचा तर्क पटणारा आहे. मराठी वाचकाने 'मध खा' असे टंकले तर खेळाला ते कळणार नाही. खेळाचे उत्तरही इंग्रजीतच येणार, मग मराठी पानाने ते मराठीत येते असे भासवू नये. म्हणजे 'नको'ची पहिली व्याख्या अशी निघते: जे शब्द यंत्राशी बांधलेले आहेत, त्यांना हात लावू नका.

पण त्याच पानावर खेळाचे नाव आहे. ते शीर्षकात आहे आणि पहिल्या वाक्यातही आहे. त्याला खूण नाही; शीर्षक बाहेरून 'हो' उचलते, हे तर उदाहरणातल्या टिपेत मुद्दाम नोंदवले आहे. म्हणजे नियमाप्रमाणे मराठी पानावर 'मधमाशीचा खेळ' असे येणार. मराठी वाचक त्या नावाने खेळ शोधायला निघाला तर त्याला तो सापडणार नाही. ही चूक आहे का? तसे म्हणता येत नाही. चित्रपटांची, नाटकांची, पुस्तकांची नावे कधी भाषांतरित होतात, कधी तशीच राहतात. दोन्ही रिवाज चालू आहेत आणि प्रत्येक वेळी कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. उदाहरणात मात्र निर्णय घेतल्याची खूण नाही, फक्त मौन आहे. लेखकाने विचार करून 'हो' ठरवले, की त्याच्या मनात हा प्रश्न आलाच नाही? पान वाचून ते कळत नाही. गृहीत नियमातली पहिली संदिग्धता हीच: विचारपूर्वक दिलेला होकार आणि राहून गेलेला प्रश्न, दोन्ही पानावर सारखेच दिसतात.

इंग्रजीत या जागी निदान मोठे अक्षर मदतीला येते. नावाचे पहिले अक्षर मोठे असते, त्यामुळे यंत्राला आणि माणसालाही अंदाज बांधता येतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही. 'फुले' हे आडनाव आणि झाडावरची फुले, दोन्ही एकाच रूपात लिहिली जातात. 'वाघ' या आडनावाचेही तसेच. नारायण मुरलीधर गुप्ते यांचे टोपणनाव 'बी' मराठी कानाला बियाणे वाटते आणि इंग्रजी कानाला मधमाशी. अशा लिपीत मौनाचा भार फार मोठा असतो.

मराठी गद्याने या अडचणीवर आपला उपाय शोधलेला आहे, हे मला या वाचनात पहिल्यांदा जाणवले. आपण 'फुले यांनी लिहिले', 'शिरवाडकर यांच्या नाटकात' असे लिहितो. हे 'यांनी' आणि 'यांच्या' आपण आदरासाठी वापरतो, पण त्यांचे दुसरेही काम आहे. झाडावरच्या फुलांना कोणी 'यांनी' लावत नाही. म्हणजे तो शब्द मागच्या शब्दाभोवती कुंपण घालतो आणि हे नाव आहे असे वाचकाला सांगतो. आमच्या भाषेत खूण मजकुराच्या आतच होती. पण आईबद्दल लिहिताना कोण 'यांनी' लावणार? जवळच्या माणसाचे नाव उघडेच राहते.

४

दुसरी संदिग्धता खुणेच्या गुणधर्मांबाबत आहे. २००७ च्या नियमसंचाने एक साधे तत्त्व ठेवले होते: खुणेच्या पोटातला मजकूर भाषांतरित करा, तिच्या गुणधर्मांना हात लावू नका. नियमसंच एक्सएमएलसाठी होता, आणि तिथे गुणधर्मांत बहुधा क्रमांक, तारखा, संकेत असतात. त्यांचे भाषांतर म्हणजे विध्वंस. एचटीएमएलमध्ये मात्र गुणधर्मांत माणसाने माणसासाठी लिहिलेली वाक्ये फार आधीपासून आहेत. चित्राचे वर्णन हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे. अंध वाचकाला पडदावाचक सॉफ्टवेअर तेच वाचून दाखवते. ते मराठीतच राहिले, तर इंग्रजीत वाचणाऱ्या अंध व्यक्तीला लेख मिळतो आणि चित्र मिळत नाही. एचटीएमएलने म्हणून स्वतःची यादी दिली: चित्रवर्णन, टीप, रिकाम्या चौकटीतली सूचना वगैरे गुणधर्म भाषांतरयोग्य धरावेत. आणि पुढे म्हटले की खुणेला 'नको' असेल तर तिच्या या गुणधर्मांनाही 'नको'.

'ट्रान्सलेट' या एकाच नावाच्या दोन सोयी, आणि दोन निरनिराळी गृहीते. २०१३ च्या आवृत्तीने हा पेच ओळखला आणि एचटीएमएलमध्ये त्या गुणधर्माचा अर्थ एचटीएमएल सांगेल तोच घ्यावा, असा मार्ग काढला. भांडण मिटले, पण मराठी समीक्षकाची गरज दोन्हींच्या मधे अडकून राहिली.

कुसुमाग्रजांचे उदाहरण घेऊ. हे वि. वा. शिरवाडकरांचे टोपणनाव. अर्थ, कुसुमचा थोरला भाऊ. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावातून आपले नाव घडवले. अशा नावांचे भाषांतर कोणी जाणता भाषांतरकार करत नाही. नाव तसेच ठेवतो आणि अर्थ टिपेत देतो, कारण एक कवी स्वतःची ओळख बहिणीच्या नात्याने सांगतो आणि दुसरा वडिलांच्या, हे परभाषेतल्या वाचकाला कळायला हवे. म्हणजे आपल्याला हवे आहे ते असे: नाव अबाधित, टीप भाषांतरित. आता मी नावाला खूण केली, त्याच खुणेत टीप ठेवली आणि 'नको' म्हटले, तर एचटीएमएलच्या नियमाने टीपही गोठते. इंग्रजी वाचकाला न कळणारे नाव मिळते आणि त्याखाली न कळणारी टीप. उपाय आहे: बाहेर एक खूण करून टीप तिच्यात ठेवायची, आत दुसरी खूण करून फक्त तिला 'नको' म्हणायचे. पण तो माहीत असावा लागतो. नियमाने गृहीत धरले आहे की शब्द आणि त्यावरची टीप यांचे नशीब एकच. टीकाग्रंथांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हे गृहीतक विचित्र वाटते. आपल्याकडे मूळ श्लोक संस्कृतात जसाच्या तसा ठेवून टीका मराठीत लिहिण्याची वाट शेकडो वर्षे रुळलेली आहे.

५

तिसरी संदिग्धता भाषेच्या खुणेची. मराठी लेखात संस्कृत अवतरण आले की त्याला 'हा मजकूर संस्कृत' अशी खूण करावी, हे शहाणपणाचे आहे. पुष्कळांची समजूत अशी असते, माझीही होती, की एवढे केले म्हणजे तो भाग भाषांतरातून वगळला जातो. तसे होत नाही. भाषेची खूण मजकूर काय आहे ते सांगते, त्याचे काय करायचे ते सांगत नाही. संस्कृत म्हणून ओळखलेल्या ओळीलाही बाहेरून 'हो' मिळालेलेच असते.

याहून गुंतागुंत तिरप्या अक्षरांच्या खुणेत आहे. छपाईत तिरपा ठसा अनेक कामे करतो. एचटीएमएल ५ ने त्या खुणेला नवी व्याख्या दिली: आसपासच्या मजकुराहून वेगळ्या सुरातला मजकूर. उदाहरणे म्हणून परभाषेतला वाक्प्रचार, पारिभाषिक संज्ञा, पात्राच्या मनातला विचार, जहाजाचे नाव अशी यादी आहे. भाषांतरकाराच्या नजरेने पाहिले तर या यादीत दोन विरुद्ध गोष्टी एकत्र नांदतात. जहाजाचे नाव आणि परभाषेतला वाक्प्रचार बहुधा तसाच ठेवायचा असतो. पात्राच्या मनातला विचार मात्र भाषांतरित झालाच पाहिजे, नाहीतर कादंबरीचा कणाच जाईल. खूण एक, आणि गृहीत उत्तर दोहोंना एकच: 'हो'.

भारतीय भाषांतून इंग्रजीत जाणाऱ्या साहित्याला या तिरप्या ठशाचा जुना अनुभव आहे. 'भाकरी' तिरप्या अक्षरांत छापायची की सरळ, यावर भाषांतरकारांची मते तीव्र आहेत. तिरपी छापली की ती परकी म्हणून वेगळी बसवली जाते, असे अनेकांना वाटते. त्या वादात निदान दोन्ही बाजूंना माणसे आहेत. वेबवर तोच निर्णय कोणीही न घेता होऊन जातो.

६

एवढे वाचून झाल्यावर मी आईच्या लेखाकडे परत गेले. नाव जिथे जिथे होते तिथे खूण केली आणि 'भाषांतर नको' असे लिहिले. पुढच्या रविवारी मुलीला पुन्हा वाचायला सांगितले.

"सावली गेली," ती म्हणाली. "पण आता तिच्या जागी तुमची अक्षरं आहेत. मला ती वाचता येत नाहीत गं. पणजीचं नाव काय होतं?"

मला वाटते, या सगळ्या प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे. 'हो' म्हटले की नावाचा अर्थ होतो. 'नाही' म्हटले की नावाचे चित्र होते. दोन्हींत नावाचा उच्चार हरवतो, आणि नाव म्हणजे मुळात उच्चार. हाक मारण्यासाठी ते असते. आपल्याला हवी होती ती तिसरी गोष्ट, लिप्यंतर: शब्द तोच, अक्षरे वाचकाची. 'हो' आणि 'नाही' या जोडीत तिला जागा नाही.

जर्मनमधून फ्रेंचमध्ये जाताना ही उणीव जाणवत नाही. अक्षरे तीच असतात, म्हणून 'हात लावू नका' याचाच अर्थ 'वाचता येईल असे ठेवा' असा होतो. दोन वेगळ्या सूचना तिथे एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि एकच सूचना असल्यासारख्या दिसतात. लिपी बदलली की त्या सुट्या होतात. हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. रशियन, ग्रीक, अरबी, जपानी, सगळ्यांना तो लागू आहे. शिवाय तो उलट्या दिशेनेही येतो: इंग्रजी पानावरचे नाव 'नको' म्हणून राखले तर मराठी वाक्यात रोमन अक्षरांचा खडा येतो आणि त्याला 'ने', 'ला', 'चा' चिकटवावे लागतात.

इथे आणखी एक गाठ आहे. एचटीएमएलच्या भाषांतरयोग्य गुणधर्मांच्या यादीत भाषेची खूणही आहे. पान मराठीतून इंग्रजीत गेले की 'हे पान मराठी' या खुणेचेही 'हे पान इंग्रजी' असे व्हावे, हे योग्यच. पण मी राखलेल्या नावाला स्वतःची भाषेची खूण नव्हती. ते आपली भाषा बाहेरून उचलत होते. बाहेरची भाषा इंग्रजी झाली, तेव्हा देवनागरीत लिहिलेले आईचे नाव नियमाप्रमाणे इंग्रजी शब्द ठरले. पडदावाचक ते इंग्रजी आवाजात वाचायला जाईल आणि अडखळेल. मी नाव वाचवले, पण त्याची भाषा वाचवली नाही. दोन वारसाहक्क वेगवेगळ्या वाटांनी खाली येतात: एक मी तोडला आणि दुसरा तसाच चालू राहिला.

७

आतापर्यंत मी नाव हा अचल दगड असल्यासारखे लिहीत आले. नियमही तसेच मानतात. दगडाभोवती कुंपण घालता येते. मराठी नाम मात्र वाकते. 'सातारा' या नावाला खूण करायची आणि वाक्य आहे 'ती साताऱ्यात शिकली'. कुंपण कुठे घालायचे? 'सातारा' हा शब्द त्या वाक्यात कुठेच नाही. त्याचे सामान्यरूप झाले आहे, शेवटचा 'रा' 'ऱ्या' झाला आहे, आणि मग 'त' आला आहे. पूर्ण 'साताऱ्यात' राखला तर इंग्रजी वाक्यात सप्तमीचा प्रत्ययही राखला जाईल आणि इंग्रजीचे शब्दयोगी अव्यय त्याच्यासमोर पुन्हा उभे राहील. 'पुणे' 'पुण्यात' होते, 'कोल्हापूर'मधला दीर्घ 'पू' 'कोल्हापुरात' ऱ्हस्व होतो. ज्या भाषांत नावे वाक्यात जशीच्या तशी बसतात, त्यांच्यासाठी खूण पुरते. आमच्यासाठी ती मधूनच शब्द कापते.

शब्दाची हद्द जशी अडचणीची, तशीच वाक्याचीही. एक्सएमएलसाठीचे गृहीतक असे की खूण आली म्हणजे मजकुराचा वेगळा तुकडा सुरू झाला. एचटीएमएलसाठी ते सैल केले आहे: वाक्याच्या आत येणाऱ्या खुणा वाक्य तोडत नाहीत, परिच्छेदासारख्या खुणा मात्र तोडतात. गद्याला हे पुरते. पण कविता वेबवर चढवताना अनेकदा प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद म्हणून टाकली जाते, कारण दिसायला ते नीट दिसते. आम्हीही जुन्या अंकांतल्या कविता तशाच टाकल्या होत्या. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. चार ओळींचे एक वाक्य असेल तर पहिल्या तीन ओळी यंत्रापुढे क्रियापदाशिवाय उभ्या राहतात. चौथीत क्रियापद येते, पण कर्ता मागे राहिलेला असतो. कविता न कळल्याचे खापर आपण यंत्रावर फोडतो. आम्ही तर तिला कविता पोचवलीच नव्हती, चार सुट्या ओळी पोचवल्या होत्या. ओळ मोडण्याची साधी खूण वापरली असती तर वाक्य अखंड राहिले असते.

जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, मोडीतही नाही. पदच्छेद वाचकाने करायचा. त्या मौनाला उत्तर देणारा वाचक भाषा जाणणारा होता आणि चुकला तर त्याला कोणी दुरुस्त करत असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच साचलेल्या चुका निवारण्यासाठी. आपल्या मौनाला आज उत्तर देणारा वाचक दर क्षणी नवी प्रत तयार करतो आणि ती कोणाच्या नजरेखालून जात नाही.

८

एक आक्षेप रास्त आहे. २०१३ च्या नियमसंचात 'हो' आणि 'नाही' एवढेच नाही. त्यात भाषांतरकारासाठी सूचना लिहून ठेवण्याची सोय आहे, संज्ञा दाखवण्याची आहे, एखादा शब्द व्यक्तीचे किंवा स्थळाचे नाव आहे हे नोंदवण्याचीही आहे. 'हे नाव आहे, लिप्यंतर करा' अशी सूचना तिथे लिहिता येते. हे खरे आहे, आणि ज्या कामात माणूस भाषांतर करतो तिथे ती सूचना मोलाची ठरेल. पण माझ्या पानाचे भाषांतर माणूस करत नव्हता. सूचना वाचण्याचे बंधन कोणावर नव्हते. दुसरा आक्षेप असा की यंत्रे सुधारत आहेत, संदर्भावरून नाव ओळखू लागली आहेत. तेही खरे आहे. पण संदर्भावरून ओळखणे हा अंदाज असतो, आणि 'छाया लांबत गेली' अशा वाक्यात तो अंदाज करायला माणूसही थबकेल. लेखकाला उत्तर माहीत असताना ते अंदाजावर का सोडायचे?

म्हणून माझे म्हणणे नियमकर्त्यांइतकेच आपल्यालाही आहे. मराठी नियतकालिके, संकेतस्थळे, जुने अंक वेबवर आणणारी मंडळी, आपण खुणांचे काम 'तांत्रिक' म्हणून कोणा तरुण मुलावर सोपवतो आणि मुद्रितशोधन मात्र स्वतः करतो. खुणा करणे हे संपादन आहे. कोणता शब्द नाव आहे, कोणती ओळ संस्कृत आहे, वाक्य कुठे संपते, हे ठरवणे म्हणजे पाठचिकित्साच. आम्ही आता काही साधे दंडक पाळतो. ज्या नावाला सामान्य अर्थ आहे त्याला खूण, आणि 'नको' म्हणताना भाषेची खूणही सोबत. टीप नेहमी बाहेरच्या खुणेत. प्रत्यय लागून वाकणाऱ्या नावापुढे शक्य तिथे 'यांनी', 'या गावी' अशी आपली जुनी कुंपणे. कवितेचे कडवे एक परिच्छेद. काम वाढते, पण मुद्रितशोधनापेक्षा जास्त नाही.

तिसऱ्या उत्तराची, लिप्यंतराची, मागणी मात्र नियमांकडेच करावी लागेल. ज्यांच्या लिप्या निराळ्या आहेत त्यांनीच ती करायची आहे, कारण इतरांना ती उणीव दिसणे कठीण आहे.

तोवर आईच्या लेखाच्या वर मी एक ओळ घातली आहे. लेखातले नाव व्यक्तीचे आहे असे ती सांगते आणि ते एकदा देवनागरीत व एकदा रोमन अक्षरांत देते. मुलीने ते वाचून दाखवले. पहिले अक्षर ती जरा जड उच्चारत होती, 'छ'चा 'च' होत होता. तेवढे फोनवर दुरुस्त करता आले.